सुचत नाही तेव्हा काय करावे?



बाई फळ्यावर निबंधाचा विषय लिहितात. आपण वही उघडतो, समास आखतो, तारीख घालतो आणि तिथेच थांबतो. पेन्सिल चावून चावून तिचा भुगा होतो, पण पहिले वाक्य काही केल्या येत नाही. मग शेजारचा म्हणतो, "तुला डोकंच नाही!" मित्रांनो, हे खरे नाही. न सुचणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे. त्यावरचा उपाय आपल्या घरात आणि अंगणातच आहे.

पूर्वी बायका पहाटे उठून जात्यावर दळण दळायच्या. हातात खुंटा, जात्याची घरघर आणि तोंडी ओवी. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ या संशोधकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मुळशी, मावळ भागातल्या ओव्या पुष्कळ आहेत. यातल्या कितीतरी बायका शाळेत गेलेल्या नव्हत्या. मग त्यांना एवढे सुचले कसे? माझी आजी मुळशीकडची. तिला विचारले तर म्हणाली, "नुसतं बसून सांग म्हणलं तर येत न्हाई बाळा. खुंटा हातात आला की ओवी आपसूक येती."

जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्यांना गाणी सुचत. ती त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेव यांनी, व एका नातेवाइकाने लिहून ठेवली. आपल्या सासवडचे आचार्य अत्रे यांनी पुढाकार घेतला आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले.

असे का होते? हात ओळखीच्या कामात गुंतले की मनावरचा ताण उतरतो. मन मोकळे हिंडू लागते आणि आत साठलेल्या गोष्टी एकमेकींना जोडल्या जातात.

चालण्याचेही तसेच आहे. पुण्यात रोज सकाळी कितीतरी लोक पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतात. ते तब्येतीसाठी चढतात, पण चालण्याने डोकेही चालते! अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना नेहमीच्या वस्तूंचे नवे नवे उपयोग सांगायला लावले. बसून विचार करण्यापेक्षा चालताना बहुतेकांना जास्त सुचले. खोलीत, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालले तरीसुद्धा! मात्र एकच बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नांना चालण्याचा फायदा झाला नाही. म्हणजे गणिताला बसावेच लागते!

तर मित्रांनो, असे करून पाहा.

१) आधी विषय नीट वाचा. दहा मिनिटे स्वतः प्रयत्न करा.
२) तरी सुचले नाही तर उठा. अंगण झाडा, शेंगा सोला, झाडांना पाणी घाला किंवा शाळेला एक फेरी मारा.
३) त्या वेळी मोबाईल बघू नका. त्यात मन दुसऱ्याच्याच गोष्टीत अडकते.
४) पहिला विचार आला की लगेच वहीत लिहा. चांगला की वाईट ते मागाहून ठरवू.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती आहे. मूल वहीवरून उठले की लगेच रागावू नका. परत आल्यावर "काय सुचलं?" एवढे विचारा. पण काम थोडा वेळच सांगा. दिवसभर कामाला जुंपलेल्या मुलीला सुचले, तरी ती लिहिणार कधी? जात्यावर सुचलेल्या कितीतरी ओव्या कुणी लिहून न घेतल्यामुळे हरवल्या. हाताला काम हवे, तशी काम संपल्यावर वहीही हवी.

आता सर्वांना एक गृहपाठ. आज घरी आजीला, आईला किंवा शेजारच्या काकूंना एक ओवी विचारा. ती कागदावर लिहून आणा. या भित्तिपत्रकाच्या खाली आपण सगळ्या ओव्या लावू.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी