खालच्या मजल्यावरही जाऊन या

जुना फ्लॅट घेताना माणसं कागदपत्रांची जेवढी छाननी करतात, त्याच्या पाव हिश्श्यानेही घराची करत नाहीत. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची एनओसी हे सगळं वकिलाकडून तपासून घेतात, आणि ते घ्यायलाच हवं. घर मात्र उभ्या उभ्या बघून होतं. उजेड आहे, वारा येतो, स्टेशन जवळ आहे, झालं. कुणी टोकलंच तर उत्तर तयार असतं, "बँक कर्ज देतेय ना, म्हणजे त्यांनी बघितलंच असणार." हा समज डोक्यातून काढून टाका. बँकेचा माणूस येतो तो दिलेल्या कर्जाला हे घर तारण म्हणून पुरेल का, हे पाहायला. बाथरूमची गळती शोधणं हे त्याचं काम नाही.

आम्ही डोंबिवलीत पंचवीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट बघितला, तेव्हा टोकन देण्याआधी एका सिव्हिल इंजिनीअरला सोबत नेलं. महाराष्ट्रात नोंदणी फीच ३० हजारांपर्यंत जाते. इंजिनीअरची फी त्याहून कमी होती. एजंटला ते रुचलं नाही. "दुसरी पार्टी तयार आहे," हे त्याने जाता-येता ऐकवलं. तुम्हालाही ऐकवतील. त्यासाठी घाई करू नका. घरमालकांना मात्र आदल्या दिवशी फोन करून नीट सांगा, कारण आपल्या नांदत्या घरात परक्याने शिरून भिंती ठोकणं कुणालाही लागतंच. आमचे घरमालक काका मोकळ्या मनाचे होते, त्यांनी अख्खी सकाळ दिली.

बेडरूमला नवा रंग होता. इंजिनीअरने काकांना विचारून बाथरूमच्या भिंतीला लागलेलं कपाट पुढे ओढलं. मागे रंग पोहोचलाच नव्हता. जमिनीपासून कमरेपर्यंत पांढरे क्षार फुटलेले, प्लास्टर नखाने खरवडलं तरी भुगा होऊन पडत होतं, कपाटाच्या पाठीचं प्लायवूड फुगलेलं. ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावायच्या आधीच सगळं कळलं होतं. मग त्याने जो प्रश्न विचारला तो माझ्या मनातही आला नसता. "खाली कोण राहतं?"

खालच्या काकूंनी दार उघडलं आणि आम्ही काही बोलायच्या आत म्हणाल्या, "वरच्या बाथरूमचं ना? या, दाखवते." त्यांच्या बाथरूमच्या छतातून काँक्रीटचे पोपडे सुटले होते आणि दोन सळया उघड्या पडून गंजल्या होत्या. इंजिनीअरने तिथेच समजावलं. पाणी झिरपून सळईपर्यंत गेलं की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट ढकलून फोडतो. नुसतं वरून प्लास्टर मारलं तर तो थांबत नाही. आधी वरची गळती बंद करायला हवी.

इथे पैशांचाही प्रश्न आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर खर्च सोसायटीचा. फ्लॅटमधल्या बाथरूम-संडासची गळती मात्र त्या सभासदाची. म्हणजे खरेदीखत झाल्यावर काकूंची तक्रार आमच्या नावावर आली असती. म्हणून घर बघायला जाल तेव्हा खालच्या मजल्यावरही जाऊन या. तिथे जे दिसेल ते विकणारा तुम्हाला दाखवणार नाही, कदाचित त्याला माहीतही नसेल.

बाकीच्या तपासण्या तुम्हालाही जमतील. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, ते सगळं न्हाणी ट्रॅपकडे जातं की कोपऱ्यात साचतं ते बघा. टाइल्स नाण्याने वाजवा, पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. ईएलसीबी (विजेची गळती ओळखणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबा, वीज लगेच तुटली पाहिजे. कार्पेट एरिया स्वतः मोजा. भिंतीच्या प्लास्टरवरच्या केसासारख्या चिरा पाहून घाबरू नका. कॉलमला उभी चीर, बीमखाली गंजाचा तांबूस डाग, भिंतीत तिरकी रुंद भेग असं काही दिसलं, तर मात्र इंजिनीअरच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नका. फॉल्स सीलिंग असेल तर दिव्याचं एखादं भोक उघडून आत टॉर्च मारायला लावा.

आणि घर म्हणजे नुसता फ्लॅट नव्हे. गच्चीवर जा, पाण्याच्या टाकीखालचे खांब बघा, पार्किंगमधले बीम बघा. सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हावं, असं उपविधी सांगतात. अहवालात दुरुस्ती सुचवली असेल तर ती झाली का, नसेल तर वर्गणी कधी काढणार, हे विचारा. ऑडिटच झालेलं नसेल, तर मी असं घर घेणार नाही.

तपासणीच्याही मर्यादा आहेत. भिंत फोडता येत नाही, आतल्या पाइपचं वय कळत नाही आणि एप्रिल-मे महिन्यात ओल लपून राहते. जमलं तर एक फेरी भर पावसात माराच. नवं घर घेणाऱ्यांना रेरा कायद्याचा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे ताबा घेतानाच फोटोंसह यादी करून पोच घ्या. पंचवीस वर्षांच्या इमारतीत असा आधार नसतो, तिथे जे काही करून घ्यायचं ते पैसे देण्याआधी.

आम्ही तेच केलं. इंजिनीअरचा अहवाल काकांपुढे ठेवला आणि टोकनच्या पावतीवर लिहून घेतलं, की बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नव्याने करून, न्हाणी ट्रॅप बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या छतात ओल आली नाही तरच करारनामा होईल. आली तर टोकन पूर्ण परत. काकांनी सही केली. काकूंच्या सळया साफ करून छत दुरुस्त करायचा खर्चही त्यांनी उचलला. करारनामा त्यानंतर झाला.