यादी लहान, मुक्काम मोठा

युरोपच्या सहलीत ब्रिटन आलं की आराखडा बहुधा एकाच पठडीतला असतो: लंडनमध्ये तीन दिवस, मग एक दिवस लेक डिस्ट्रिक्ट, एक दिवस वेल्सचे डोंगर, वाटेत एखादी जुनी बाग आणि रात्री मुक्कामाला एडिंबरा. ग्रेट ब्रिटनचं क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षाही कमी, त्यामुळे कागदावर हे गणित सुटतंसुद्धा. प्रत्यक्षात हाती लागतं ते देखल्या देवा दंडवत. तिकडे निघालेल्यांना माझं सांगणं एवढंच आहे की ठिकाणांची यादी करण्याआधी एक मुक्काम आणि एक ऋतू ठरवा. तिथली राष्ट्रीय उद्यानं काय किंवा अडीचशे वर्षांपूर्वीच्या बागा काय, ही माणसानं घडवलेली आणि आजही रोज कसली-राखली जाणारी जमीन आहे. पायी हिंडल्याशिवाय आणि योग्य वेळ साधल्याशिवाय ती उलगडत नाही.

ताडोब्याला गेट असतं, सफारीची वेळ असते, जिप्सी आणि गाइड असतात. लेक डिस्ट्रिक्टला यातलं काहीच नाही. २,३६२ चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात गावं आहेत, शाळा आहेत, शेतं आहेत. बरीचशी जमीन खासगी मालकीची किंवा नॅशनल ट्रस्टसारख्या संस्थांच्या ताब्यात आहे. ही रचना का झाली हे समजून घेतलं तर तिथे कसं वागायचं हे वेगळं शिकावं लागत नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डकडचे कामगार तरुण किंडर स्काउट या डोंगरावर ठरवून घुसले. शिकारीसाठी राखलेल्या त्या माळावर सामान्यांना मज्जाव होता, आणि त्या चालीबद्दल काहींना तुरुंगात जावं लागलं. पुढे राष्ट्रीय उद्यानांसाठी १९४९ चा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं आणि त्याच वर्षी लेक डिस्ट्रिक्टही. म्हणजे ज्या पायवाटेवरून पाहुणा फुकट चालतो ती कुणीतरी झगडून मिळवलेली आहे, आणि दोन्ही बाजूंना कुणाचं तरी पोट त्या जमिनीवर चालतं. इंग्लंड-वेल्समध्ये चालण्याचा हक्क आखलेल्या वाटांपुरता आणि नकाशावर खुल्या दाखवलेल्या डोंगर-माळांपुरता आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं तो बराच मोकळा केला. हा फरक निघण्यापूर्वीच माहीत असावा. पिवळा बाण दिसला की वाट पायी चालणाऱ्यांची, निळा दिसला की तिच्यावर घोडे आणि सायकलीही येणार.

या वाटांवरचं एक फाटक नीट पाहण्यासारखं आहे. अर्धगोल कुंपणाच्या आत झडप अशी टांगलेली असते की माणूस आत शिरतो, झडप मागे ढकलतो आणि पलीकडे निघतो. एका वेळी एकच जण. मेंढीला मात्र त्यातून जाता येत नाही, आणि फाटक उघडं राहण्याचा प्रश्नच येत नाही. साधी फाटकं मात्र जशी सापडली तशीच सोडायची. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं, कारण उघडं ठेवण्यामागेही शेतकऱ्याचा हेतू असतो. बाजूला कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेल्या भिंती. त्या चढून ओलांडल्या की वरचे दगड ढासळतात, आणि ते पुन्हा रचायला कुणाचा तरी दिवस जातो. बिआट्रिक्स पॉटर ही मुलांच्या पुस्तकांची लेखिका १९४३ मध्ये वारली तेव्हा तिनं इथली ४,००० एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्टला दिली, तीही हर्डविक मेंढ्यांची शेती चालू राहावी या इच्छेनं. आज आपण ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून दाद देतो ते हिरवे उघडे उतार त्या मेंढ्यांच्या चरण्यानं तसे राहिले आहेत.

डोंगर चढणाऱ्यांना मला जरा कळकळीनं सावध करायचं आहे. इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक ९७८ मीटरचं, आपली कळसूबाई १,६४६ मीटरची. सह्याद्रीत तयार झालेल्या पायांना हा आकडा किरकोळ वाटतो आणि तिथेच घात होतो. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, वाटेत माणसांची जाग आहे, सरबत मिळतं. स्कॅफेल पाइकचा माथा म्हणजे नुसता दगडगोट्यांचा खच. ढग उतरला की वाटेच्या खुणा दिसेनाशा होतात, आणि फोनला रेंज मिळेलच असं नाही. पायथ्याजवळचं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वाधिक पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. महाबळेश्वरात याहून पुष्कळ जास्त पडतो, पण तो पावसाळ्यात. इथला पाऊस बाराही महिने विभागलेला, सोबत वारा आणि गारठा. सुती जीन्स भिजली की अंगातली ऊब भराभर जाते, म्हणून ती घालूच नये. छापील ऑर्डनन्स सर्व्हे नकाशा आणि होकायंत्र जवळ हवं. वेळेचा अंदाज बांधायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून कामाचा आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. हा धडधाकट माणसाचा हिशेब. मुलं बरोबर असतील तर मोकळ्या हातानं वाढवावा. अडचणीत ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, आपापली कामं टाकून येतात.

ऋतूचा प्रश्न आपल्याकडे शाळेच्या सुट्ट्यांशी बांधलेला. मेची सुट्टी यासाठी उत्तम: उत्तरेकडे मेअखेरीस नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. दिवाळीच्या सुट्टीत पानांचे रंग बहारीचे, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या दिवसांत लांबचा डोंगर सोडून द्यावा आणि बागा पाहाव्यात. बागांनाही आपापलं पंचांग असतंच. वेल्समधल्या बॉडनंट बागेतला लॅबर्नमचा पिवळा बोगदा साधारण मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला फुलतो. ऑगस्टमध्ये तिथे नुसती हिरवी कमान. सिसिंगहर्स्टची पांढरी बाग जुलैच्या तोंडावर बघावी. ब्लूबेल फुलांची वनं एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. तिथे फोटोसाठी वाटेबाहेर पाऊल टाकू नये, कारण पानं तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही आणि तो भाग सावरायला वर्षं लागतात.

ऋतू साधला तरी बागेला वेळ द्यावाच लागतो. विल्टशरच्या स्टॉरहेड बागेचं उदाहरण घ्या. हेन्री होर या सावकारी पेढीच्या मालकानं १७४० च्या दशकापासून दरी अडवून तळं केलं आणि भोवती देवळं, पूल, गुहा मांडल्या. पुलाजवळ उभं राहिलं की तळ्यापलीकडे पँथिऑन हे देऊळ दिसतं. पुढे वाट झाडीत शिरते आणि ते नाहीसं होतं, मग भलत्याच कोनातून समोर येतं. लपणं-दिसणं हाच त्या बागेचा आशय आहे. बस पाऊण तास थांबली तर पहिलं दृश्य तेवढं पदरात पडतं, त्याच्या फोटोसह.

यावर लोक म्हणतात, व्हिसा, विमान यांचा एवढा खर्च करून पुन्हा कोण जाणार, तेव्हा जमेल तेवढं पाहून घ्यावं. खर्चाचा मुद्दा खराच आहे, आणि तोच माझ्या बाजूचा आहे. रोज हॉटेल बदलण्यात पैसा आणि उजेडाचे तास दोन्ही जातात. विंडरमियरपर्यंत रेल्वे आहे, तिथून ५५५ क्रमांकाची बस अँबलसाइड, ग्रासमियर करत केझिकला नेते. एका गावात चार रात्री राहिलं तर भाड्याच्या गाडीवाचूनही भागतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: यातल्या कितीतरी बागा आपल्या लुटीवर उभ्या, त्यांचं कौतुक कशाला? तो मला टाळावासा वाटत नाही. नॅशनल ट्रस्टनंच २०२० मध्ये आपल्या ९३ स्थळांचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध अहवालात मांडला. वेल्समधल्या पॉविस कॅसलच्या गच्च्या-गच्च्यांच्या बागा सतराव्या शतकाच्या अखेरच्या, क्लाइव्हच्या आधीच्या; पण रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाचं १७८४ मध्ये त्या घराण्यात लग्न झालं आणि भारतातून आलेली संपत्ती तिथे पोहोचली. टिपू सुलतानाचा चिटाचा तंबू त्या संग्रहात आहे. मराठी माणसानं हे जाऊन पाहावं, पाट्या वाचाव्यात, मुलांना सांगावं. त्यालाही वेळच लागतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना चालवत नाही म्हणून बेत सोडायचं कारण नाही. लेक डिस्ट्रिक्टमध्ये पायऱ्या किंवा कुंपणावरच्या शिड्या नसलेल्या वाटा खास ठरवून दिल्या आहेत. टार्न हाउजच्या तळ्याभोवतीची वाट त्यांपैकीच, सुमारे तीन किलोमीटरची. हे तळं पाहून कुणालाही ते मुळातलंच वाटेल. खरं तर एकोणिसाव्या शतकात तिथल्या जमीनमालकानं बांध घालून लहान डबकी जोडली आणि झाडं लावली. आजी-आजोबांना बाकांवर थांबत थांबत फिरायला अर्धा दिवस पुरतो. मोटारतळ भर सुट्टीत लवकर भरतो, म्हणून सकाळीच पोहोचावं.