लहान मुलांसह शेतावर मुक्काम : पूर्वतयारी व दक्षता

अनसिंग (जि. वाशिम) परिसरातील शेती प्रामुख्याने सोयाबीन, तूर आणि हरभरा या पिकांची आहे. सोयाबीनची सुडी लागल्यापासून हरभऱ्याची सोंगणी होईपर्यंत घरातील कोणी ना कोणी शेतावर मुक्कामाला असतो. रोही व रानडुकरांपासून पिकाची राखण, मळणी यंत्राची वाट पाहणे, रात्रीच्या पाळीच्या विजेवर ओलित करणे अशी कारणे त्यामागे असतात. पूर्वी जागलीला घरचा किंवा सालदार गडी एकटा जात असे. आता गडी मिळत नाही आणि घरात माणसेही कमी झाली आहेत. त्यामुळे नवरा-बायको मुलाबाळांसह शेतावर राहतात. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईकडे नोकरीला असलेले भाऊ-बहीणही आपली मुले घेऊन एक-दोन रात्री हौसेने शेतावर काढतात. मुलांना याइतकी आवडणारी सहल दुसरी नाही.

मात्र शेतावर जाताना आपण बियाणे, डिझेल, पाईप यांची तयारी करतो, तशी मुलाच्या मुक्कामाची तयारी करीत नाही. मोठ्या माणसाला कोणत्या बांधावर पाय ठेवू नये, कोणत्या डब्याला हात लावू नये हे सवयीने माहीत असते. मुलाला ते माहीत नसते, आणि शहरातून आलेल्या मुलाला तर मुळीच नसते. शेतावर मुलांना असलेले धोके बहुधा ठराविक वेळी व ठराविक जागीच असतात. रात्री जमिनीवरचे अंथरूण, दुपारी विहीर व शेततळे, मळणीच्या वेळी यंत्र व ट्रॅक्टर, आणि कोणत्याही वेळी औषधांचा कोपरा. या जागांचा बंदोबस्त आदल्या दिवशी केला, तर मुक्काम सुखाचा होतो. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात माहिती दिली आहे.

मुक्कामाचा काळ

लहान मुलांना घेऊन राहण्यासाठी पाऊस पूर्ण उघडल्यानंतरचा काळ, म्हणजे कार्तिक ते माघ हे महिने चांगले. जून ते सप्टेंबर या काळात साप, चिखल, गढूळ पाणी व विजांचा कडकडाट यामुळे मुलांसह रात्रीचा मुक्काम टाळावा. एक वर्षाच्या आतील बाळाला रात्री शेतावर नेऊ नये. पाच वर्षांच्या आतील मूल सोबत असल्यास एका मोठ्या माणसाकडे फक्त मुलाचेच काम द्यावे. दारे धरणे, स्वयंपाक आणि मुलावर लक्ष ही तिन्ही कामे एकाच माणसाकडून नीट होत नाहीत.

जागेची निवड

झोपडी किंवा तंबूसाठी बांधापासून, नाल्यापासून आणि सुडीपासून दूर, उंचावरची मोकळी जागा निवडावी. सुडी, कुटाराचा ढीग, पऱ्हाट्या व तुराट्यांचे गंज, दगडांची रास या ठिकाणी उंदीर असतात आणि उंदरांच्या मागे साप येतो. मुक्कामाच्या जागेभोवती चारही बाजूंनी किमान १० ते १५ फूट गवत काढून जमीन साफ करावी. उंदरांची बिळे बुजवावीत. धान्याची पोती झोपण्याच्या जागेत ठेवू नयेत. एकट्या उंच झाडाखाली किंवा विजेच्या तारांखाली मुक्काम करू नये.

झोपण्याची व्यवस्था

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आहेत. त्यांपैकी मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचे दात बारीक असल्यामुळे चावा फारसा दुखत नाही, सूजही नसते. मूल झोपेतच राहते किंवा थोडे कुरकुरते, आणि पहाटे पोट दुखते म्हणून रडू लागते. डास किंवा मुंगी चावली असेल असे समजून मोलाचा वेळ निघून जातो.

हे टाळण्याचा उपाय सोपा व कमी खर्चाचा आहे. मुलाला बाजेवर झोपवावे आणि वर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचाव्यात. नेपाळच्या तराई भागातील सर्पदंशाच्या अभ्यासात (२००७) मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असल्याचे दिसून आले. डासांपासून बचाव होतो तो वेगळाच. बाज नसेल आणि जमिनीवरच झोपावे लागणार असेल, तर मच्छरदाणी अधिकच आवश्यक समजावी. अंथरूण झोपतेवेळीच झटकून घालावे, दिवसभर पसरून ठेवू नये. पांघरूण जमिनीवर लोंबू देऊ नये. रात्री मूल लघवीला उठल्यास मोठ्या माणसाने बॅटरी घेऊन सोबत जावे व मुलाच्या पायात बूट असावेत. सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय घालू नयेत.

सर्पदंश व विंचूदंश झाल्यास

साप चावल्यास किंवा तशी नुसती शंका आली तरी पुढीलप्रमाणे करावे.

१) मुलाला धीर द्यावा, चालू देऊ नये. चावलेला हात किंवा पाय काठीची फळी बांधून स्थिर ठेवावा.
२) हातातील कडे, अंगठी, पायातील वाळे काढून टाकावेत.
३) जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. झाडपाला व मंत्र-तंत्रात वेळ घालवू नये.
४) साप शोधण्यात व मारण्यात माणूस गुंतवू नये.
५) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष लस उपलब्ध असलेल्या दवाखान्यात न्यावे. चावल्याची वेळ डॉक्टरांना सांगावी.

शेतावर झोपलेल्या मुलाचे पहाटे अचानक पोट दुखू लागले, पापण्या जड होऊन खाली पडू लागल्या, गिळता येईना किंवा बोलणे अडखळू लागले, तर दंशाची खूण दिसो वा न दिसो, मण्यारचा दंश समजून लगेच दवाखाना गाठावा. मुलाचे वजन कमी असल्याने तेवढ्याच विषाचा परिणाम मोठ्या माणसापेक्षा लवकर होतो.

लाल विंचवाचा दंशही मुलांना जिवावर बेतू शकतो. मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसल्यास थांबू नये. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असे रुग्ण मोठ्या प्रमाणात वाचू लागले आहेत. परंतु त्यासाठी मूल वेळेत दवाखान्यात पोचले पाहिजे. दवाखाना कोणता, तेथे लस आहे किंवा नाही आणि रात्री वाहन कोणाचे मिळेल, याची चौकशी मुक्कामाला जाण्यापूर्वीच करून ठेवावी.

विषारी औषधांचा बंदोबस्त

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मोठ्यांची ही गत, तर लहान मुलांचे काय सांगावे. शेतातील झोपडीत औषधे ठेवण्याची आपली सवय असते. मुले राहावयास येणार असतील तर औषधे, फवारणी पंप, मोजमाप व रिकामे डबे आधीच तेथून हलवून कुलपात ठेवावेत. औषध कधीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये. डब्यावरील लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा हा क्रम शाळकरी मुलांना समजावून द्यावा. मात्र हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ मुलांनी घेऊ नये.

फवारणी केलेल्या दिवशी व दुसऱ्या दिवशी मुलांना त्या शेतात नेऊ नये. बीजप्रक्रिया केलेला हरभरा रंगीत दिसतो आणि मुले तो तोंडात टाकतात, म्हणून पेरणीनंतर उरलेले बियाणे मोजून घरी न्यावे. धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. अशी पोती असलेल्या खोलीत कोणीही झोपू नये. बांधावरील मोगली एरंड (चंद्रज्योत) व धोतरा यांच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा होते. ही झाडे पहिल्याच दिवशी मुलांना दाखवून ओळख करून द्यावी.

विहीर व शेततळे

कठडा नसलेली विहीर काटेरी फांद्या व दोराने वेढून घ्यावी. शेततळ्याचा धोका विहिरीपेक्षा जास्त फसवा आहे. प्लॅस्टिक कागदाचा उतार ओला झाला की पाय टिकत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. शेततळ्यास कुंपण करावे. काठावर खुंट ठोकून गाठी मारलेला दोर व हवा भरलेली ट्यूब पाण्यात सोडून ठेवावी. मुलांनी पाण्याजवळ मोठ्या माणसाशिवाय जाऊ नये. कोणी पडल्यास मागोमाग उडी न मारता दोर किंवा ट्यूब फेकावी व ओरडून माणसे बोलवावीत.

वीज, यंत्रे व शेकोटी

स्टार्टरची पेटी बंद ठेवावी आणि उघड्या जोडाची केबल वापरू नये. रानडुकरांसाठी कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणे हा गुन्हा आहे व त्यात माणसेही मरतात. शेजाऱ्याच्या शेतात असे काही नाही ना, याची खात्री करावी. मळणी यंत्र चालू असताना मुलांना किमान ५० फूट दूर बसवावे. सैल फ्रॉक, ओढणी, मफलर यंत्रात ओढले जातात. कुटाराच्या ढिगावर किंवा ट्रॅक्टरच्या सावलीत मुलाला झोपवू नये. ट्रॅक्टर मागे घेण्यापूर्वी मुले मोजावीत.

शेकोटी सुडीपासून दूर व वाऱ्याच्या खालच्या बाजूस करावी आणि झोपण्यापूर्वी पाणी टाकून पूर्ण विझवावी. निखाऱ्यांची शेगडी बंद झोपडीत किंवा तंबूत ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या वायूने झोपेतच मृत्यू येऊ शकतो. दिवाळीच्या सुमारास अवकाळी ढग येतात. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास मुलांसह पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जावे, झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'दामिनी' या मोबाईल ॲपवर विजेची पूर्वसूचना मिळते.

पाणी व आहार

पिण्याचे पाणी घरून न्यावे किंवा उकळून घ्यावे. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुण्याची शिस्त ठेवावी. जुलाब झाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. मूल सुस्त पडल्यास किंवा लघवी कमी झाल्यास दवाखान्यात न्यावे. हरभऱ्याचा हुळा व भाजलेल्या शेंगा हा शेतावरचा खरा मेवा आहे. परंतु चार-पाच वर्षांच्या आतील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. कुटून द्यावेत.

मुलांसाठी शेतावरील पाठ

मुलांना नुसते 'हे करू नको' सांगितल्यास ती कंटाळतात आणि नको तेथे जातात. त्यांना काम द्यावे. पुढील दोन कामे मुलांना जमतात व त्यांचा शेतीलाही उपयोग होतो.

पहिले काम पतंग मोजण्याचे. हरभऱ्यात घाटेअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे पिकाच्या उंचीपेक्षा एक फूट वर लावावेत. रोज सकाळी मुलाने सापळ्यातील पतंग मोजून वहीत तारखेसह लिहावेत. सापळ्यातील गोळीला मात्र मोठ्यांनीच हात लावावा. सतत २-३ दिवस प्रति सापळा ८ ते १० पतंग आढळल्यास अळीची आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. म्हणजे फवारणी केव्हा करावी आणि केव्हा करू नये हे चौथीतल्या मुलाच्या वहीवरून ठरू शकते. एक अनावश्यक फवारणी वाचली तरी खर्च व विष दोन्ही वाचते.

दुसरे काम मुळांवरील गाठी पाहण्याचे. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने हरभऱ्याचे एक झाड मातीसह अलगद खणून मुळे पाण्यात धुवावीत. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसला तर त्यातील रायझोबियम जीवाणू हवेतील नत्र स्थिर करण्याचे काम करीत आहेत. हिरवट किंवा पांढरी दिसल्यास गाठ कामाची नाही. पुस्तकातला धडा मुलाला येथे हातात धरता येतो.

सोबत न्यावयाचे साहित्य

मच्छरदाणी, दोन बॅटऱ्या, चार्ज केलेला मोबाईल, साबण, झाकणाचे पाण्याचे भांडे, मीठ-साखर किंवा जलसंजीवनीची पाकिटे, स्वच्छ कापड व पट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, कानटोपी, शिटी व दोर. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिटी बांधावी. हरवल्यास एका जागी उभे राहून शिटी वाजवावी, एवढे त्याला शिकवावे. सायंकाळी अंधार पडण्यापूर्वी सर्व मुले झोपडीजवळ असावीत.

हीच काळजी पोहरादेवी (ता. मानोरा) येथे रामनवमीच्या यात्रेला मुलाबाळांसह उघड्यावर मुक्काम करणाऱ्या कुटुंबांनीही घ्यावी. त्या दिवसांत उन्हाळा सुरू झालेला असतो, म्हणून सावली व पिण्याच्या पाण्याची अधिक व्यवस्था ठेवावी.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांपैकी किती जण पुढे शेती करतील हे आज सांगता येत नाही. पण शेतावर सुखाने काढलेली एक रात्र मूल विसरत नाही, आणि एका रात्रीच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान घर विसरत नाही. वरील सर्व तयारीस एक दिवस पुरतो, आणि खर्च म्हणाल तर एका मच्छरदाणीचा. यंदा सुडी लावण्यापूर्वी बाज व मच्छरदाणी शेतावर पोचवावी आणि मगच मुलांना बोलवावे.