टीव्हीवर कास्ट होत नाही? आधी आयपी बघा, रीसेट नंतर



मोबाईलमधला कॅटलॉग दुकानातल्या टीव्हीवर दाखवायची आयडिया मागच्या व्हिडिओत सांगितली. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "सर, फोनमध्ये टीव्हीचं नावच दिसत नाही." समोर गिऱ्हाईक बसलंय, साड्यांचे तीस फोटो दाखवायचेत आणि तुम्ही रिमोट घेऊन मेन्यू खाली-वर करताय. गिऱ्हाईक चार मिनिटं थांबेल, पाचव्या मिनिटाला "परत येते हं" म्हणेल. त्या "परत येते"चा अर्थ दुकानदाराला वेगळा सांगायला नको.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपण सरसकट 'कास्ट' म्हणतो, पण त्यात दोन वेगळी कामं आहेत. यूट्यूबमध्ये कास्टचं चिन्ह दाबलं की फोन टीव्हीला फक्त सांगतो, हा व्हिडिओ लाव. पुढे टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून तो व्हिडिओ घेतो, फोन उरतो रिमोटपुरता. दुसरं काम म्हणजे मिररिंग, फोनच्या स्क्रीनवर जे दिसतंय ते जसंच्या तसं टीव्हीवर. इथे सगळं चित्र फोनला सतत तयार करून वाय-फायवरून पाठवावं लागतं. म्हणून यूट्यूब मस्त चालतं आणि मिररिंग अडकत अडकत चालतं. टीव्ही बिघडलाय असं लगेच समजू नका. राऊटर जवळच असेल तर फोन आणि टीव्ही दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर टाकून बघा, बराच फरक पडतो. मध्ये दोन-तीन भिंती असतील तर मात्र २.४ च बरं.

मिररिंगमध्येही मिराकास्ट नावाचा प्रकार फोनला टीव्हीशी थेट जोडतो, त्याला राऊटर लागत नाही. पण सगळ्या फोनमध्ये तो नसतो. आयफोनमध्ये तर नाहीच, तिथे एअरप्ले. आणि गूगल कास्ट असो की एअरप्ले, साधारणपणे फोन आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर असावे लागतात.

आता खरी मेख इथे आहे. "सर, आमच्याकडे एकच वाय-फाय आहे" असं जवळजवळ प्रत्येकजण सांगतो. आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं घरातच बुटीक आहे. फायबरवाल्याने दिलेला डबा हॉलमध्ये, आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून त्यांनी बाजारातून दुसरा राऊटर आणून त्याला वायरने जोडला. सोयीसाठी दोन्हींना नाव तेच आणि पासवर्डही तोच. टीव्ही धरतो हॉलमधला डबा, फोन धरतो आतला राऊटर. स्क्रीनवर नाव एकच दिसतं, पण नेटवर्क दोन!

हे ओळखायचं कसं? फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या नावावर टॅप करा, आयपी ॲड्रेस दिसेल. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्येही तोच शोधा. घरगुती राऊटरवर साधारणपणे पहिले तीन आकडे जुळले पाहिजेत. फोनचा १९२.१६८.१.५ आणि टीव्हीचा १९२.१६८.१.१२ असेल तर ठीक. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० असेल तर दोघं वेगवेगळ्या वाड्यात राहतात. कास्ट करताना फोन "इथे कोणी टीव्ही आहे का?" अशी हाक मारतो, आणि ती हाक आपल्याच वाड्यात ऐकू जाते, राऊटरच्या पलीकडे जात नाही. उपाय सोपा आहे. दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असतो, तो चालू करा. जमत नसेल तर नेट जोडणाऱ्या मुलाला हेच शब्द सांगा, त्याला कळतं. ताईंचं काम एवढ्यावरच झालं. त्या तर नवीन टीव्ही घ्यायच्या तयारीत होत्या.

आयपी जुळतोय तरी टीव्ही दिसत नाही? मग फोनमध्ये व्हीपीएन चालू आहे का बघा आणि बंद करा. आयफोन असेल तर त्या ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी दिली आहे का तपासा. आणि तुम्ही गेस्ट वाय-फायवर तर नाही ना? तिथे एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशीच सोय बहुतेक राऊटरमध्ये केलेली असते. काही राऊटरमध्ये हीच सोय 'एपी आयसोलेशन' नावाने मुख्य वाय-फायवरही चालू असते.

लाईट जाऊन आल्यावर बंद पडलं असेल तर टीव्ही भलत्याच नेटवर्कवर गेलाय का बघा. कधीतरी जोडलेला घरातल्या कुणाचा हॉटस्पॉट त्याच्या लक्षात असतो. मग टीव्ही रिमोटने नाही, प्लगवरून बंद करून चालू करा. रिमोटने तो फक्त झोपतो.

फॅक्टरी रीसेट मात्र अगदी शेवटी. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकदम बंद पडली, कारण गूगलच्या बाजूच्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती. तेव्हा गूगलनेच सांगितलं होतं की रीसेट करू नका. ज्यांनी घाईत केलं त्यांना पुन्हा सेटअप करताना जास्त त्रास झाला.

आता धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. गिऱ्हाइकाला तुमच्या मुख्य वाय-फायचा पासवर्ड देऊ नका. त्याच नेटवर्कवर आलेला कोणीही तुमच्या टीव्हीवर कास्ट करू शकतो. एखादं पोरगं कार्टून लावेल तेवढं चालेल, पण कोण काय लावेल याचा भरवसा नाही. वर त्रास देणारं गेस्ट वाय-फाय इथे कामाला येतं. ते गिऱ्हाइकांना द्या, आणि तुमचा फोन व टीव्ही मुख्य नेटवर्कवर ठेवा.

मिररिंग करताना 'डू नॉट डिस्टर्ब' लावायला विसरू नका. व्यापाऱ्याचा "मागचे पैसे कधी?" हा मेसेज किंवा बँकेचा ओटीपी ४३ इंची पडद्यावर गिऱ्हाइकाने वाचायचं कारण नाही. फोटोच दाखवायचे असतील तर गूगल फोटोजमधलं कास्टचं बटण वापरा, त्यात फक्त फोटो जातो, अख्खी स्क्रीन नाही.

आणि सणाच्या गर्दीत नेटच गेलं तर? एचडीएमआयची वायर घ्यायच्या आधी तुमचा फोन टाइप-सीमधून व्हिडिओ बाहेर देतो का ते तपासा, बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ती सोय नसते. त्यापेक्षा कॅटलॉगचे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये टाकून टीव्हीच्या यूएसबीला लावून ठेवा, आणि दर आठवड्याला नवा माल त्यात भरा.