संगणकाची प्रतिमा आणि तिची पुनःस्थापना

पूर्वी पेढीवरील एखादी वही भिजली किंवा वाळवीने खाल्ली, तर मुनीमजी पावत्यांची चळत पुढे घेऊन ती पुन्हा लिहून काढीत. आता रोजमेळ आणि खतावणी संगणकात गेली आहे. डिस्क निकामी झाली की सर्वच पाने एका क्षणात कोरी होतात. या आपत्तीवरील एका उपायाचा परिचय सभासद बंधूंना करून द्यावा, एवढाच आमचा हेतू आहे.

हिशेबाच्या फायलींची नक्कल ठेवणे निराळे आणि डिस्कची प्रतिमा घेणे निराळे. प्रतिमेत विंडोज, हिशेबाचा प्रोग्रॅम, छपाईयंत्राची जोडणी आणि डिस्कचे विभाग हे सर्व जसेच्या तसे उतरते. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्राने सिद्ध केलेला ‘क्लोनझिला’ हा विनामूल्य प्रोग्रॅम यासाठी उपयोगी पडतो. डिस्कवरील केवळ भरलेला भागच तो सामान्यतः उतरवून घेतो; त्यामुळे प्रतिमा आटोपशीर होते. ही प्रतिमा पेढीतील दुसऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावी.

आता पुनःस्थापना कशी होते ते पाहू. नवी डिस्क बसविल्यावर संगणक क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून सुरू करतात. पेनड्राइव्ह नसल्यास ‘पीएक्सई’ पद्धतीने तारेतूनच सुरुवात करता येते: नेटवर्क कार्ड सर्व्हरकडे आपला पत्ता आणि आरंभीची फाइल मागते व ती स्मृतीत चढविते. पुढे सर्व्हरवरील प्रतिमा निवडली की ती तारेतून येऊन नव्या डिस्कवर लिहिली जाते.

येथे तारेचे महत्त्व कळते. प्रतिमा ६० गिगाबाइटची असेल, तर गिगाबिट जोडणीवर तिच्या वहनास सुमारे नऊ-दहा मिनिटे पुरतात; १०० मेगाबिट जोडणीवर त्यासच दीड तास लागतो. गिगाबिट वेगास केबलमधील आठही तारा लागतात. एक जोडी जरी तुटली, तरी जोडणी बहुधा १०० मेगाबिटवर उतरते. काम चालू राहते, म्हणून दोष कोणाच्या ध्यानातही येत नाही. पुनःस्थापना अकारण रेंगाळली, तर प्रथम केबल तपासावी.

तीन गोष्टींविषयी मात्र सावध राहावे. पहिली, पुनःस्थापनेत लक्ष्य डिस्कवरील जुने सर्व काही पुसले जाते. म्हणून डिस्कचे नाव व आकार दोनदा वाचल्यावाचून होकार देऊ नये. नवी डिस्क जुनीहून लहान नसावी, हेही पाहावे. दुसरी, प्रतिमा ज्या दिवशी घेतली त्याच दिवसाचा संगणक परत मिळतो. पाडव्याची प्रतिमा आषाढात उतरविली, तर मधल्या महिन्यांच्या नोंदी तीत कोठून येणार? त्यासाठी हिशेबाच्या फायलींची नक्कल दररोज वेगळी घेतलीच पाहिजे. तिसरी, मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जाळ्यातून संगणकामागून संगणक ग्रासत जगभर पसरला. सर्व्हरवर ठेवलेली एकुलती प्रतिमाही अशा वेळी हातची जाऊ शकते. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन, ती डिस्क सोडवून, तिजोरीत ठेवावी.

शेवटी आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. आपल्याजवळ प्रतिमा आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. वर्षातून एकदा, धंदा मंद असताना, एखादी सुटी डिस्क जोडून प्रतिमा तीवर उतरवून पाहावी. संगणक सुरू होतो का, खाती उघडतात का, मागील शिल्लक जुळते का, हे स्वतः पडताळावे. रोकड मोजल्यावाचून आपण पेटीस कुलूप लावीत नाही. परत उतरवून न पाहिलेली प्रतिमा ही न मोजलेली रोकडच होय.