कंपनीनें स्वतःचे शेअर विकत घ्यावे काय ?

पुष्कळ लोक थोडा थोडा पैसा एकत्र करून कंपनी काढतात. त्या पैशास भांडवल म्हणतात व त्यांतील वांट्यांस शेअर. मर्यादित जबाबदारीच्या कंपनींत भागधारकाची जोखीम शेअरच्या रकमेपुरतीच असते. कंपनी बुडाली तरी तिच्या धनकोस भागधारकाच्या घरादारावर जप्ती आणतां येत नाहीं. मग धनकोस आधार कशाचा ? केवळ कंपनीच्या मालमत्तेचा.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे ‘ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ’ या खटल्याचें मर्म कळेल. इंग्लंडांत फ्लॅनेल तयार करणारी एक कंपनी मोडली. तत्पूर्वीं तिनें एका भागधारकाकडील स्वतःचे शेअर विकत घेतले होते. त्यांच्या किंमतीची बाकी तिच्याकडे मागण्यांत आली. कंपनीच्या नियमांत अशा खरेदीस परवानगी होती. तरीहि 1887 सालीं उमरावांच्या सभेनें ती खरेदी बेकायदा ठरविली. धंद्यांत खोट येऊन भांडवल घटेल, ही जोखीम धनको जाणून पत्करतो. तें भागधारकांसच परत वांटलें जाईल, ही जोखीम त्यानें पत्करलेली नसते.

हा दंडक सुमारें शंभर वर्षें टिकला. ब्रिटनमध्यें 1981 च्या कायद्यानें अटींसह मोकळीक दिली. भारतांत 1956 च्या कंपनी कायद्याच्या 77 व्या कलमानें मनाई केली होती. ती 1999 च्या दुरुस्तीनें सैल झाली. धंद्यास न लागणारा पैसा पडून असेल, तर तो मालकांस परत करण्यांत वावगें नाहीं, हा त्यामागील विचार होय.

परंतु मोकळीक म्हणजे मोकाट सुटणें नव्हे. 2013 च्या कायद्याच्या 68 व्या कलमानें पुढील मुख्य अटी घातल्या :

१. खरेदी भरणा झालेलें भांडवल व मुक्त गंगाजळी यांच्या बेरजेच्या 25 टक्क्यांहून अधिक नसावी. ही बेरीज 40 लक्ष रुपये असल्यास 10 लक्षांवर खर्च करतां येत नाहीं.

२. खरेदीनंतर कंपनीचें कर्ज सामान्यतः उरलेल्या भांडवल-गंगाजळीच्या दुपटीहून अधिक नसावें.

३. खरेदी 10 टक्क्यांहून मोठी असल्यास भागधारकांचा विशेष ठराव हवा.

४. खरेदी पुरी झाल्यावर 7 दिवसांत ते शेअर नष्ट करावे.

शेअर नष्ट झाले म्हणजे संख्या घटते व उरलेल्या प्रत्येक शेअरच्या वांट्यास अधिक नफा येतो. म्हणून अशा जाहिरातीनें बाजारभाव पुष्कळदां चढतो. चढता भाव पाहून हुरळून जाण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं एक प्रश्न विचारावा : माल उधार देणाऱ्या व्यापाऱ्याचें व राबणाऱ्या कामगाराचें देणें फेडण्यापुरतें द्रव्य मागें उरतें काय ? कायद्याच्या साऱ्या अटींचा हेतु हाच आहे.