हातून घडलेल्या गोष्टी

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बोलीत आरपीजी, मी शाळकरी वयापासून खेळते आहे. त्यातल्या लढाया, तलवारी, वाढवत नेलेल्या लेव्हल काही वर्षांनी डोक्यातून निघून जातात. गोष्टी जात नाहीत. कुठली गोष्ट का टिकली, यावर मी बराच विचार केला आहे आणि त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते. काही गेमची रहस्यं पुढे उघड होतील, ज्यांना काहीही माहीत नसताना खेळायचं आहे त्यांनी तेवढा भाग गाळून वाचावा.

१. गोष्ट संवादांइतकीच हाताच्या कामात असते.

‘फायनल फँटसी ६’ हा १९९४ सालचा जपानी गेम. त्याच्या मध्यावर खलनायक जिंकतो. केफ्का नावाचा विदूषकी वेशातला माणूस जगाची खरोखरच राखरांगोळी करून टाकतो. वर्षभराने सेलेस ही लढवय्यी बाई एका ओसाड बेटावर शुद्धीवर येते. सोबतीला उरलाय फक्त सिड, तिला आजोबांसारखा असलेला म्हातारा शास्त्रज्ञ, आणि तोही आजारी पडतो. आता खेळणाऱ्याकडे एकच काम: किनाऱ्यावर जायचं, मासा धरायचा, झोपडीत परत येऊन त्याला भरवायचा. पुन्हा किनारा, पुन्हा मासा.

पाण्यात काही मासे झपझप पोहतात, काही रेंगाळतात. झपझप पोहणारा खाल्ला की सिडला बरं वाटतं, रेंगाळणारा खाल्ला की तब्येत आणखी ढासळते. हे गेम सांगत नाही. पडद्यावर त्याच्या प्रकृतीचा आकडाही दिसत नाही, तो काय बोलतो आणि किती खोकतो यावरून अंदाज बांधायचा. सिड वाचला तर तो बेटावरून सुटायला तराफा देतो. गेला तर सेलेस कड्यावरून उडी टाकते, त्यातून वाचते, आणि एका जखमी पक्ष्याला बांधलेलं ओळखीचं फडकं बघून तिला कळतं की तिचा जिवलग सहकारी लॉक अजून कुठेतरी जिवंत आहे. मग सिडच्या मागे राहिलेल्या चिठ्ठीतून तराफ्याचा पत्ता लागतो.

दोन्ही वाटा एकाच समुद्रावर निघतात. तरी ज्याने स्वतः मासे धरलेत त्याच्यासाठी त्या एक नसतात. आजाऱ्याची सेवा म्हणजे तेच तेच काम आणि कशाचीच खात्री नसणं, हे त्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांनी मला जितकं नेमकं दाखवलं तितकं मोठमोठ्या सिनेमांनीही दाखवलेलं नाही.

२. ज्या पात्रावर मेहनत घेतली, त्याचंच जाणं लागतं.

‘फायनल फँटसी ७’ मधली एरिथ. १९९७ पासून यावर इतकं बोललं गेलंय की मी थोडक्यात सांगते. ती तुमच्या चमूत असते, जखमा भरून काढण्यात तरबेज असते, तुम्ही तिला शिकवता, चांगलं सामान देता. मग सेफिरॉथ तिला मारतो, आणि लगेच जी लढाई सुरू होते तिच्यात लढाईचं संगीत वाजतच नाही. नोबुओ उएमात्सू यांनी रचलेली एरिथची धूनच पुढे चालू राहते आणि हात मात्र वार करत राहतात. पुढच्या लढाईत चमू निवडायला गेलं की यादीतली तिची जागा रिकामी.

३. एकदा निवडलं की जुनी सेव्ह लोड करून मागे फिरू नये.

हे मला सर्वात कळकळीने सांगायचं आहे, आणि त्यासाठी ‘द विचर ३’ मधल्या ब्लडी बॅरनच्या गोष्टीइतकं चांगलं उदाहरण नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ साली काढलेला हा गेम आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कादंबऱ्यांमधल्या जगात घडतो. नायक गेराल्ट, पैसे घेऊन राक्षस मारणारा.

युद्धाने उजाड झालेल्या वेलेन प्रांतात फिलिप स्ट्रेंगर नावाचा दांडगा माणूस गढी बळकावून बसलाय, तोच हा ब्लडी बॅरन. बोलका, पाहुणचार करणारा, दारूवर मनापासून प्रेम करणारा. त्याची बायको ॲना आणि मुलगी तमारा बेपत्ता आहेत, त्या शोधून दे म्हणतो. त्या बदल्यात गेराल्टला हवी असलेली माहिती देईन म्हणतो. आपण शोध सुरू करतो आणि एकेक खोली, एकेक साक्ष तपासताना लक्षात येतं की त्या दोघींना कुणी पळवलेलं नाही. त्या त्याच्यापासून पळाल्यात. तो दारू पिऊन बायकोला मारत असे. तिचं मूल पोटातच गेलं आणि त्याने ते नाव न ठेवता, कसलाही विधी न करता पुरून टाकलं. स्लाव लोककथांमध्ये अशा मुलाचं भूत होतं, इथेही झालं आहे.

त्या भुताला मारून टाकता येतं. किंवा दुसरी वाट घेता येते: बापाने त्याला हातात उचलून गढीपर्यंत न्यायचं, उंबरठ्याखाली पुरायचं आणि तिथे त्याला आपलं म्हणून नाव द्यायचं. मी हीच वाट घेतली. रात्र, पाऊस, तो अगडबंब माणूस आणि त्याच्या हातातली ती विद्रूप, वळवळणारी गोष्ट. ती चवताळली की गेराल्टने जादूचं चिन्ह वापरून तिला शांत करायचं. उंबरठ्याशी बॅरन मुलीला डेआ हे नाव देतो. बारशाला इतका उशीर झालेला मी दुसऱ्या कुठल्याच कथेत पाहिला नाही.

बॅरनला युद्धाने काय केलं, बायकोचं मन कसं दुसरीकडे गेलं, हे सगळं तो सांगतो आणि गेम ते शांतपणे ऐकू देतो. पण त्यामुळे त्याने केलेल्या मारहाणीला सूट मिळत नाही. तमारा भेटते तेव्हा बापाला माफ करायला साफ नकार देते, आणि तिला समजावण्याची कुठलीही जादुई ओळ आपल्याला दिलेली नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

मग येते खरी निवड. एका टेकडीत झाडाखाली कोंडलेली एक शक्ती म्हणते, मला सोडव, मी दलदलीत जीव धोक्यात असलेली अनाथ मुलं वाचवीन. सोडवलं तर मुलं वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होतं, ॲना मरते आणि बॅरन गळफास घेतो. मारलं तर मुलं जातात, ॲना वेड्या अवस्थेत जगते आणि बॅरन तिला उपचारांसाठी दूर डोंगरात घेऊन जातो. निवड करताना यातलं काहीच माहीत नसतं आणि परिणाम खूप नंतर समोर येतात. अशा वेळी जुनी सेव्ह लोड करून ‘बरा’ शेवट शोधणारे पुष्कळ आहेत. मी कळवळून सांगेन की ते करू नका. पुरेशी माहिती नसताना घेतलेला निर्णय निभावणं, हीच तर या गोष्टीची सगळी ताकद आहे.

४. सेव्ह फाइललाही गोष्टीत जागा असू शकते.

टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ (२०१५) वरच्या मुद्द्याला फार सुंदर जोड देतो. सुरुवातीलाच टोरिएल ही मायाळू बाई भेटते. तुमच्यासाठी ‘पाय’ नावाची गोड पेस्ट्री भाजते, खोली लावून देते, आणि बाहेर जाऊ नये म्हणून दार अडवते. तिच्याशी लढावं लागतं, पण न मारता सुटायचा मार्ग आहे: प्रत्येक वेळी ‘मर्सी’ निवडत राहायचं, तिने उत्तर दिलं नाही तरी. ज्यांनी तिला मारलं आणि मग वाईट वाटून सेव्ह लोड केली, त्यांना पुढे फ्लाउई नावाचं फूल गाठतं आणि तू आधी काय केलंस ते मला ठाऊक आहे, असं तोंडावर सांगतं. तुम्ही पुसलेलं गेमने लक्षात ठेवलेलं असतं.

योको तारो यांच्या ‘निअर: ऑटोमाटा’ (२०१७) ने याच्या उलट टोकाची मागणी केली. शेवटच्या शेवटी श्रेयनामावलीशीच लढायचं, आणि ते एकट्याने जवळजवळ अशक्य. तिथे जगभरातल्या अनोळखी खेळाडूंची मदत येते. पार झाल्यावर प्रश्न: पुढच्या कुणा अनोळखी माणसाला अशीच मदत मिळावी म्हणून तुमची सगळी सेव्ह फाइल पुसायची तयारी आहे का? हो म्हटलं की डोळ्यांदेखत मेनूतली एकेक गोष्ट पुसली जाते. मी हो म्हटलं. आजही त्याचं समाधान वाटतं.

५. ‘स्वभावाला औषध नाही’ हे आपलं म्हणणं एका गेमने मला पुन्हा तपासायला लावलं.

‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’, १९९९, ब्लॅक आयल स्टुडिओज, मुख्य डिझायनर क्रिस अव्हेलोन. माझ्या मते आरपीजीतली सर्वात श्रेष्ठ गोष्ट हीच. नायकाला नाव नाही. तो शवागारातल्या दगडी लादीवर जागा होतो, पाठीवर स्वतःसाठीच गोंदवून घेतलेल्या सूचना असतात आणि त्या वाचून दाखवायला मॉर्ट नावाची तरंगणारी कवटी. हा माणूस मरत नाही. मेला की पुन्हा उठतो, पण अनेकदा आधीच्या जगण्याची आठवण पुसून. त्यामुळे तुमच्या आधी ‘तुम्ही’ कितीतरी वेळा जगून गेला आहात, आणि त्यांतले काही जण भयंकर होते.

हे कळतं ते डाक्कोनमुळे. तो एक वृद्ध, श्रद्धा डळमळलेला योद्धा. त्याची तलवार त्याच्या मनाप्रमाणे आकार बदलते. तो तुमच्यासोबत येतो आणि मागितलं तर आपल्या पंथाची शिकवण देतो. ती कोरलेली असते दगडी कड्यांच्या एका चक्रावर, एक कडं उलगडलं की पुढचं. खेळणाऱ्याने प्रत्येक कडं वाचायचं आणि त्याचा अर्थ त्याला सांगायचा. घाईने सांगितलेला अर्थ तो स्वीकारत नाही. अभ्यास पुरेसा खोल गेला तर त्यालाही न उमगलेलं कडं तुमच्या हातून उघडतं, आणि शिष्य गुरूला काही देऊ लागतो.

मग हळूहळू उलगडतं की हा माणूस तुमच्यामागे का येतो. पूर्वी कधीतरी, तो मरणाच्या दारात असताना, तुम्हीच त्याला हे चक्र देऊन वाचवलं होतं. त्या उपकारापोटी त्याने शपथ घेतली: तुम्ही मरेपर्यंत साथ देईन. आणि तुम्ही तर मरतच नाही. त्या जन्मातल्या ‘तुम्हाला’ त्याची दया आलेली नव्हती, त्याची तलवार उपयोगी पडेल असा हिशेब होता. हे समजल्यावर मी बराच वेळ पुढे खेळू शकले नाही. जे चक्र मी इतक्या भक्तीने वाचत होते तेच त्याच्या पायातली बेडी होती, आणि ती घालणारा हात माझाच होता.

रॅव्हेल नावाची चेटकीण नायकाला विचारते की माणसाचा स्वभाव बदलण्याची ताकद कशात आहे. पश्चात्ताप, प्रेम, मृत्यू, श्रद्धा, काहीही सांगा, ते चुकीचं ठरत नाही. तिला फक्त तुमचं उत्तर ऐकायचं असतं. आणि उत्तर देईपर्यंत तुम्ही डाक्कोनशी कसं वागलात, त्यात ते आधीच दिलेलं असतं. तीन-चार लढाया सोडल्या तर हा गेम जवळजवळ सगळा बोलण्यावर पार करता येतो. ज्यांना वाचनाची आवड आहे आणि गेमशी ओळख नाही, त्यांना मी पहिला हाच सुचवते.

६. हमरस्ता सोडा.

‘मॉरोविंड’ (२००२) मध्ये नकाशावर बाण नाही, लोक पत्ता तोंडी सांगतात: पूल ओलांड, डावीकडच्या वाटेला लाग. मी वही घेऊन खेळले. पहिल्या गावाबाहेर पडलं की आभाळातून एक माणूस किंचाळत कोसळतो आणि मरतो. त्याच्याजवळच्या डायरीवरून कळतं की अफाट उंच उडीचा मंत्र त्याने शोधला होता, उतरण्याचं मात्र बघितलं नव्हतं. मंत्राच्या गुंडाळ्या आता तुमच्या. मुख्य कथेशी याचा काडीचा संबंध नाही, आणि मला तो गेम पहिल्यांदा आवडला तो इथेच.

७. फासे उलटे पडू द्या.

एस्टोनियातल्या कादंबरीकार रॉबर्ट कुर्विट्झ यांच्या पुढाकाराने घडलेला ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) नेहमीच्या अर्थाने लढाईच करू देत नाही. दारू पिऊन स्मृती घालवलेला पोलीस, हॉटेलच्या मागे झाडाला दिवसेंदिवस लटकलेलं प्रेत, आणि सोबतीला किम कित्सुरागी हा संयमी सहकारी. नायकाची चोवीस कौशल्यं त्याच्या डोक्यात आपापल्या आवाजात बोलतात. काही अवघड करायचं तर दोन फासे पडतात, आणि चुकीचे पडले तरी गोष्ट थांबत नाही, वेगळीकडे वळते. एका गोळीबारात किम जखमी होऊ शकतो. तसं झालं तर शेवटच्या टप्प्यात सोबत येतो कूनो, प्रेतावर दगड मारणारा, अखंड शिव्या देणारा पोरगा. त्या पोराची माणुसकी बघायची तर फासे वाईट पडावे लागतात.

याच गेममध्ये एका बाईचा नवरा बेपत्ता असतो. तो नशेत पडून मेलेला सापडतो. खून नाही, कट नाही. तिच्या घरी जाऊन ते सांगायचं, एवढंच काम. कुठलं वाक्य आधी म्हणायचं, हे निवडताना माझा हात खरोखर अडखळला.

८. आता आपल्याकडचं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ काढला. तो आरपीजी नाही, धावपळीचा आणि लढाईचा गेम आहे, पण भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात, ती मांडणी मला फार आवडली. मला त्यापुढचं पाऊल हवं आहे: मराठीत लिहिलेला, बोलण्यावर चालणारा आरपीजी. ‘टॉर्मेंट’ मधला मजकूर कित्येक कादंबऱ्यांइतका आहे, म्हणजे हे काम आधी लेखकांचं आहे, आणि लेखक आपल्याकडे आहेत.

विषयही आहेत. आळंदीहून निघालेली एक दिंडी घ्या. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, प्रत्येक मुक्कामाला नवी माणसं, प्रत्येकाची बोली निराळी, एकही लढाई नाही. दिंडीत घरी न सांगता आलेली एक सून, आणि तिच्या सासरचा निरोप खेळणाऱ्याच्या खिशात. तो लोणंदला द्यायचा, की तिची वारी पुरी होऊ द्यायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचं, आणि वाखरी येईपर्यंत गेमने त्यावर अवाक्षर काढायचं नाही. हे कुणी करायला घेतलं तर संवाद लिहायला आणि तपासायला मी आनंदाने येईन.